मुंबईत फिरताना नेमकं कुठे उभं राहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की आमच्याकडे पाहुण्यांचा सीझन सुरू होतो. सांगलीचे मामा, नाशिकची चुलत भावंडं, अमेरिकेतून सुट्टीवर आलेली मैत्रीण आणि तिची मुलं. प्रत्येकाला मुंबई बघायची असते, आणि गिरगावात वाढल्यामुळे फिरवायचं काम माझ्या गळ्यात पडतं. दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

एका दिवसात सगळं होईल का?

नाही. ‘सगळं’ करायला गेलात तर दिवसभर टॅक्सीतून इमारतींचे माथे तेवढे दिसतील. दोन भाग करा. एक दिवस फोर्टचा: गेटवे, काळा घोडा, हुतात्मा चौक, ओव्हल, व्हीटी. हे सगळं पायी होतं, आणि रविवारी सकाळी निघालात तर रस्ते इतके रिकामे असतात की आपण मुंबईतच आहोत ना अशी शंका यावी. दुसरा दिवस गिरगाव, गवालिया टँक आणि दादरचा. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, जमली तर त्यात, नाहीतर वेगळी. मेट्रो ३ झाल्यापासून हुतात्मा चौकात थेट जमिनीखालून वर येता येतं, त्यामुळे उपनगरातल्या पाहुण्यांची सबब संपली.

गेटवे ऑफ इंडिया राजाच्या स्वागतासाठी बांधलं ना? मग राजा त्याखालून गेला होता का?

गेला नव्हता. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा तिथे दगडी कमान नव्हतीच. स्वागताला पुठ्ठ्याचा देखावा उभा केला होता, आपल्या गणपतीच्या मखरासारखा. कायमच्या वास्तूची कोनशिला ३१ मार्च १९१३ ला बसली, जॉर्ज विटेटचा आराखडा पुढच्या वर्षी मंजूर झाला आणि उद्घाटनाला ४ डिसेंबर १९२४ उजाडला. म्हणजे पाहुणे येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दार तयार.

त्या दाराचा खरा उपयोग झाला तो २८ फेब्रुवारी १९४८ ला. सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, भारतातून परत जाणारी शेवटची ब्रिटिश पलटण, या कमानीखालून चालत बोटीकडे गेली. म्हणून मी पाहुण्यांना ताजकडे तोंड करून फोटो काढू देते, पण नंतर कमानीच्या आत समुद्राकडे तोंड करून एक मिनिट उभं करते. ते सैनिक त्याच दिशेने गेले. समोरच्या बागेतला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ चा आहे. तो आणि कमान दोन्ही एका नजरेत येतील अशी जागा शोधा.

घारापुरीच्या बोटी इथूनच सुटतात. सोमवारी लेणी बंद असतात.

काळा घोडा आहे कुठे? आम्हाला दिसलाच नाही.

जो दिसतो तो नवा. मूळ ‘काळा घोडा’ म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा काळपट पुतळा. तो राजकुमार असताना केलेल्या दौऱ्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी दिलेला, १८७९ सालचा. १९६५ मध्ये तो उचलून राणीच्या बागेत नेला. पुतळा गेला तरी लोकांनी नाव सोडलं नाही. पन्नासेक वर्षं ‘काळा घोडा’ हा घोड्याविना चालला. २०१७ मध्ये चौकात पुन्हा काळा घोडा आला, पण पाठीवर कुणी बसलेला नाही. राजा वजा करून घोडा ठेवला, हे मला तरी फार आवडतं.

भारतात पहिल्यांदा सिनेमा दाखवला ती जागा बघता येते का?

बाहेरून. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन ही इमारत म्हणजे एकेकाळचं वॉटसन हॉटेल. बिडाच्या खांबांचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणला आणि इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या माणसाने इथे सहा छोटी चित्रं दाखवली. तिकीट एक रुपया, म्हणजे तेव्हाच्या गिरणी कामगाराने विचारही करू नये असा दर. थोड्याच दिवसांत खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे गर्दी लोटली.

ते खेळ पाहून ज्यांना राहवलं नाही त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती टिपली. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आज वॉटसनची अवस्था बघवत नाही. धोकादायक ठरल्यामुळे ती रिकामी केलेली आहे, फार जवळ जाऊ नका.

फ्लोरा फाउंटन आणि हुतात्मा चौक एकच का? आणि हुतात्मे १०५ की १०७?

चौक एकच, खुणा दोन. कारंजं १८६४ चं, फ्लोरा या रोमन फुलदेवतेचं. ते खरं तर भायखळ्याच्या बागेसाठी घडवलं होतं, पण उभं राहिलं फोर्टात. काही वर्षांपूर्वी त्याची डागडुजी चालू असताना जमिनीखाली जुन्या ट्रामचे रूळ सापडले. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली होती. रूळ तिथेच डांबराखाली निजले होते.

दुसरी खूण म्हणजे मशाल धरलेले दोघे, शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर इथे पोलिसांनी गोळीबार केला. पण सगळे हुतात्मे याच चौकात पडले असा जो समज आहे, तो बरोबर नाही. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहर पेटलं. गिरगाव, लालबाग, परळ अशा वस्त्यांतून त्या आठवड्यात फार माणसं गेली. यादीत बेळगाव-निपाणीकडचीही नावं आहेत. माझी आजी तेव्हा गिरगावातच होती. ‘खिडकीत उभं राहायचं नाही’ एवढंच ती त्या दिवसांबद्दल बोलायची.

आकड्याचं म्हणाल तर आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी ‘एकशे पाच’ बसलेला आहे. पुढे नावांची भर पडली, म्हणून १०६ आणि १०७ हेही आकडे ऐकू येतात. वाद घालत बसण्यापेक्षा नावं वाचा. आडनावांवरून कळतं की माणसं कुठून कुठून आली होती. २१ नोव्हेंबर आणि १ मे ला इथे फुलं वाहिलेली असतात, एरवी कबुतरं.

टिळकांवरचा खटला कुठे चालला? आत जाता येतं का?

ओव्हलसमोरच्या मुंबई उच्च न्यायालयात, १९०८ साली. गंमत अशी की न्यायमूर्ती होते दिनशा दावर, आणि हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. नऊ जणांच्या ज्युरीतले सात जण दोषी म्हणाले, दोघे नाही. सहा वर्षं काळं पाणी, मंडाले. ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, आणि जगाचं भवितव्य ठरवणाऱ्या शक्ती या न्यायालयाहून मोठ्या आहेत, असं टिळक तेव्हा बोलले. गिरणी कामगारांनी शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असे सहा दिवस काम बंद ठेवलं.

टिळकांचे तेच शब्द कोरलेली पाटी १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याच दालनाबाहेर लावली. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच ती लावावी, यासाठी तरी आत जावंसं वाटतं. पण ते चालू न्यायालय आहे, उठसूट आत सोडत नाहीत. ओळखीतला वकील असेल तर त्याला गळ घाला. नाहीतर ओव्हलच्या कडेने बघा, शेजारीच राजाबाई टॉवर आहे. तोही नीट बघा, कारण २८० फूट उंचीचा तो मनोरा कापसाच्या सट्ट्यात मातबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिला. आईला सूर्यास्ताआधी जेवायचं असे, वेळ कळावी म्हणून घड्याळ, असं सांगतात. खरं असो वा नसो, ऐकायला बरं वाटतं.

व्हीटीहून पहिली रेल्वे सुटली, बरोबर?

बोरीबंदरहून सुटली. आजची इमारत तेव्हा नव्हती. १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनच्या सुमारास, चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि साहेब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर. वाफ सोडत धावणाऱ्या इंजिनाला लोकांनी ‘चाक्या म्हसोबा’ म्हटलं. रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेठ यांनी केलेली खटपट विसरू नका. इंग्रजांनी आपणहून आणून दिली असं पाहुणे म्हणाले की मला राग येतो.

एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या इमारतीचं बांधकाम १८७८ ला सुरू झालं. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, तिला राणीचं नाव मिळालं. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस, २००४ मध्ये जागतिक वारसा, २०१७ मध्ये ‘महाराज’ जोडलं गेलं. बोलताना लोक अजून व्हीटीच म्हणतात, आणि पाटीवर बघून सीएसएमटी वाचतात.

कुठे उभं राहायचं: समोर महापालिकेच्या बाजूला. तीही इमारत स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. तिथून घुमटावरची मशाल धरलेली बाई आणि फाटकाच्या खांबांवरचे सिंह नि वाघ दिसतात. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. मग मधल्या भागात घड्याळाच्या खाली बघा. तिथे एक रिकामा कोनाडा आहे. त्यात राणीचा पुतळा होता, स्वातंत्र्यानंतर तो काढला. एवढ्या नक्षीत तो एक मोकळा चौकोन एकदा दिसला की दरवेळी तिथेच नजर जाते. भिंतींवरची पानं, माकडं, मोर हे जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या हातचं काम आहे.

क्रिकेटवेड्या मुलाला काय दाखवू? वानखेडे पुरेल ना?

वानखेडेपेक्षा जास्त मजा आझाद मैदानात आहे, आणि ती फुकट आहे. शनिवार-रविवारी सकाळी जा. बावीस खेळपट्ट्या, त्यांवर एकाच वेळी चाललेले सामने. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्याच्या लाँग ऑनच्या शेजारी उभा असतो आणि दोघंही आपापल्या बॉलरकडे बघत असतात. चेंडू कुणाचा हे ओरडण्यावरून कळतं. इथेच फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या दोन पोरांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली: विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. त्यांचे कोच आचरेकर सर डाव घोषित करायला सांगत होते आणि पोरं तिकडे बघतच नव्हती, हा किस्सा मुंबईत प्रत्येकाला येतो.

त्याच मैदानाच्या टोकाला बॉम्बे जिमखाना. भारतात झालेली पहिली कसोटी इथली, डिसेंबर १९३३. सी. के. नायडू एकीकडे, डग्लस जार्डिन दुसरीकडे. इंग्लंडने आपल्याला नऊ गडी राखून हरवलं, पण लाला अमरनाथ यांनी ११८ केल्या. भारताचं कसोटीतलं ते पहिलं शतक. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, असं सांगतात. जिमखाना खाजगी आहे, जाळीतूनच बघायचं.

तिथून चर्चगेटकडे चालत या. ब्रेबॉर्न १९३७ चं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबईच्या क्रिकेट संघटनेचं आणि क्लबचं तिकिटांच्या वाट्यावरून फाटलं, आणि शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियमच उभं केलं. अवघ्या वर्षभराच्या आसपास. भांडणातून एवढी टिकाऊ गोष्ट क्वचितच निघते. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी, क्लाइव्ह लॉइड नाबाद २४२. पुढे जानेवारी १९८५ मध्ये रवी शास्त्रीने इथेच बडोद्याच्या तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार मारले. २ एप्रिल २०११ चा धोनीचा षटकार मुलाला तुम्ही सांगायची गरज नाही, तोच तुम्हाला सांगेल.

ऑगस्ट क्रांती मैदानात बघण्यासारखं काय आहे?

पाहुण्यांची सर्वांत जास्त निराशा इथे होते, आणि माझी सर्वांत आवडती जागा हीच. ग्रँट रोडला उतरून दहा-पंधरा मिनिटं चालायचं. एक पांढरं स्मारक, झाडं, बाकांवर पेन्शनर, मैदानात पोरांचं क्रिकेट. बस्स.

नाव गवालिया टँक, म्हणजे गवळी जिथे गुरं धूत ते तळं. तळं बुजलं, मैदान झालं. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री काँग्रेस महासमितीने इथे ठराव केला आणि गांधीजी ‘करेंगे या मरेंगे’ म्हणाले. ‘चले जाव’ची मूळ घोषणा, ‘क्विट इंडिया’, सुचली होती युसुफ मेहेरअलींना. ते तेव्हा मुंबईचे महापौर होते. पहाटे धरपकड झाली, बडे पुढारी एकही बाहेर उरला नाही. ९ ला सकाळी लोक तरीही मैदानात जमले, आणि अरुणा असफअलींनी झेंडा फडकवला. अश्रुधूर, लाठ्या. आज पोरं स्टंप ठोकतात त्याच मातीत.

आता पाठ फिरवून काही पावलं चाला. तेजपाल सभागृह लागेल. २८ डिसेंबर १८८५ ला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, ७२ प्रतिनिधी, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. अधिवेशन खरं तर पुण्यात ठरलं होतं, पण तिथे कॉलऱ्याची साथ आली आणि मंडळी मुंबईला आली. पुणेकर पाहुणे असले की हे मी मुद्दाम सांगते. सत्तावन्न वर्षांनी त्याच संघटनेने इंग्रजांना जा म्हणून सांगितलं, ते जवळजवळ शेजारच्या अंगणातून.

वेळ असेल तर लॅबर्नम रोडवरचं मणिभवनही उरका. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत.

गिरगावात काय चुकवू नये?

केशवजी नाईकांची चाळ. १८९३ पासूनचा सार्वजनिक गणपती, आणि मूर्ती अजूनही लहानशी, मातीची. लालबागचं दर्शन करून आलेल्याला इथे ‘एवढाच?’ वाटतं. मग चौपाटी. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० ला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात गेले आणि अंत्यसंस्कार इथे वाळूत झाले, म्हणून पुतळा इथे. भेळ खाणाऱ्यांची पाठ बहुतेक वेळा त्यांच्याकडे असते.

दादरला शिवाजी पार्कात बघायचं ते काय, मैदानच ना?

हो, मैदानच. १९२५ मध्ये खुलं झालं तेव्हा नाव माहीम पार्क. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने महाराजांचं नाव मिळालं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे गाजल्या, आचार्य अत्र्यांनी इथे लोकांना हसवत हसवत पेटवलं. १९६६ चा शिवसेनेचा पहिला मेळावा इथला. ६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाईंना निरोप इथेच दिला. कट्ट्यावर बसा. पलीकडे नेट्समध्ये बॅटचा आवाज, कट्ट्याभोवती ट्रॅकसूटमधले आजोबा. पुतळ्याकडे नीट बघा: महाराजांच्या हाती उपसलेली तलवार नाही, हात पुढे केलेला आहे.

चैत्यभूमी इथून पाच मिनिटांवर. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ती जागा. ६ डिसेंबरच्या आसपास शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल बघायला मुद्दाम जा, मराठी पुस्तकांचा तसला बाजार दुसरीकडे भरत नाही. फक्त ‘पर्यटन’ म्हणून त्या दिवशी गर्दीत घुसू नका. दर्शनाच्या रांगेत लोक रात्र रात्र उभे असतात.

अशी एखादी जागा जिथे काहीच उरलेलं नाही?

व्हिक्टोरिया गोदी. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. चारच्या सुमारास स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, सोन्याच्या विटा लांब लांब उडाल्या. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यामुळे. गोदीत जाता येत नाही. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात स्मारक आहे.

लहान मुलं कंटाळतात. त्यांच्यासाठी?

हत्ती. राणीच्या बागेला लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला पोर्तुगिजांनी ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच्यामुळे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले आणि तो वाचला. तुकडे इथे आणले, १९१४ मध्ये जोडले. अंगावर सांधे दिसतात. मुलांना ते मोजायला सांगा, अर्धा तास सुटतो. मागे बागेत मूळचा काळा घोडाही भेटेल.

बुधवारी संग्रहालय आणि बाग दोन्ही बंद असतात. हे मला पाठ आहे, कारण भाच्यांना घेऊन मी बुधवारीच गेले होते. फाटकाला कुलूप, बाहेर फुगेवाला, आणि धाकटा विचारतोय की हत्ती झोपलाय का.